टँकरच्या पाठीवरचा १२०३

(दृश्य : माहुल. पेट्रोलच्या टँकरची मागची बाजू.)

निवेदन : वर '३ वाय ई', खाली '१२०३', शेजारी टोकावर उभी लाल चौकट. गाडी उलटली आणि ड्रायव्हर बेशुद्ध असला, तर अग्निशमन दलाचा जवान लांबूनच हा फलक वाचतो.

१२०३ म्हणजे पेट्रोल. संयुक्त राष्ट्रांचा हा क्रमांक जगभर एकच. ३ म्हणजे फोम मारा. नुसतं पाणी मारलं तर पेट्रोल त्यावर तरंगतं आणि आग गटारापर्यंत पोचते. वाय म्हणजे स्फोटाचा धोका. श्वसनयंत्र लावा, सांडलेला माल अडवा. ई म्हणजे वस्ती हलवावी लागेल.

(दृश्य : ॲसिडचा टँकर.)

सल्फ्युरिक ॲसिडवर १८३०, '२ पी'. इथे पाण्याचा बारीक फवारा, अंगभर संरक्षक पोशाख, आणि माल अडवायचा नाही, भरपूर पाण्याने पातळ करायचा. जुन्या खेपेचा फलक तसाच राहिला, तर नेमकं उलटं काम होतं.

चौकटीचा रंग लांबून कळतो, पण त्यावर थांबू नका. घरगुती गॅस आणि पेट्रोल, दोन्ही लाल, दोन्हींवर ज्वाळा. खालच्या कोपऱ्यातला आकडा बघा : २ वायू, ३ द्रव. निळ्या चौकटीत ४ दिसला, तर पाण्याला हातच लावू नका. कॅल्शियम कार्बाइड त्यातलंच, चोरून आंबे पिकवायला वापरतात ते. ओलं झालं की ॲसिटिलीन सुटतो. पिवळी ५.१ स्वतः जळत नाही, दुसऱ्याची आग भडकवते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार फलक तीन जागी हवा : दोन्ही बाजूंना आणि मागे. क्रमांक किमान १०० मिलिमीटर उंच, मालाचं नाव ५०, चौकट २५०. त्यावर चिखल बसला, त्यावरचा आपत्कालीन फोन नंबर बंद पडलेला असला, तर ही मापं पाळून उपयोग काय?

(दृश्य : पंपावर माल उतरवून निघालेला टँकर.)

सर्वांत मोठा घोळ इथे होतो. 'गाडी खाली आहे' म्हणून फलक झाकतात. पेट्रोल उतरलं तरी वाफ आतच असते, आणि हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते. टाकी धुऊन वाफ पूर्ण निघेपर्यंत फलक उघडा ठेवा.

गळती दिसली तर इंजिन बंद, बॅटरीचा मेन स्विच बंद, वारा जिकडून येतो त्या बाजूला जा, लोकांना लांब थांबवा, पोलिसांना आणि मालकाला कळवा. केबिनमधलं ट्रेमकार्ड, म्हणजे मालाचे धोके आणि तातडीचे उपाय लिहिलेलं कार्ड, मात्र उतरतानाच हातात घ्या. नंतर ते आणायला परत चढता येईलच असं नाही.