ट्रेलरच्या पोटात

[दृश्य: सिंकवरचा नळ, अगदी जवळून. पहाट.]

हा नळ उघडा आहे. पूर्ण उघडा.

बाहेर उणे ११ अंश सेल्सियस. आत, या टेबलापाशी, १९. या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहणारी दोघं साध्या स्वेटरवर आहेत, आणि नळाला थेंब नाही.

आता पंपाकडे कान द्या. काही ऐकू येत नाही, आणि तीच पहिली खूण आहे. ट्रेलरमधला १२ व्होल्टचा पंप नळ उघडला की आपोआप सुरू होतो, कारण पाईपमधला दाब उतरतो. इथे दाब उतरलेलाच नाही. म्हणजे पंप आणि नळ यांच्यामध्ये कुठेतरी बर्फाचं बूच बसलंय. पंप नुसताच घरघरत राहिला असता, तर टाकीच्या बाजूला शोधावं लागलं असतं.

नळ गरम पाण्याकडे फिरवला, की पाणी येतं. न्हाणीघरातही येतं. थंड पाण्याची ही एवढी एकच फांदी गोठली आहे.

[दृश्य: दाराशेजारचं स्टिकर.]

दाराशेजारचं हे स्टिकर. हिमकण आणि सूर्य, शेजारीशेजारी. खाली लिहिलंय, 'चारही ऋतूंसाठी'.

या शब्दांची सगळ्यांनी मान्य केलेली अशी एक व्याख्या नाही. किती थंडीपर्यंत, किती तास, पाईप धरून की फक्त भिंती आणि छप्पर, हे ज्याचं त्याने ठरवायचं. स्टिकर या फिल्ममध्ये पुन्हा दिसेल.

[दृश्य: ट्रेलरखाली. टॉर्चचा उजेड.]

आता खाली. चटई टाकून, पाठीवर.

हे ट्रेलरचं पोट. काळी, पन्हळी प्लास्टिकची शीट, स्क्रूंनी आवळलेली. तिच्या वर, फरशीच्या खाली, वीतभर पोकळी. टाक्या, वायरी आणि पाण्याचे पाईप, सगळं तिथे. बांधलेल्या घरात पाण्याची लाइन जमिनीच्या उबेत पुरून आणता येते. चाकांवरच्या घराखाली मोकळी हवा असते. वाऱ्याने पाईप हवेपेक्षा जास्त गार होत नाही, पण गार होण्याचा वेग मात्र कितीतरी वाढतो.

पोकळीत तोंड काढलेली ही चंदेरी नळी पाहा. फर्नेसची, म्हणजे गॅसवर घर तापवणाऱ्या यंत्राची, थोडी गरम हवा पोटात सोडायची, म्हणजे पाईप गोठत नाहीत, अशी ही योजना. चांगली योजना आहे. फक्त त्यासाठी फर्नेस चालावी लागते.

[दृश्य: खोलीतला विजेचा हीटर. मग भिंतीवरचा थर्मोस्टॅट.]

काल रात्री ती चाललीच नाही. सिलिंडरमधला गॅस पुरवून वापरायचा, म्हणून हा छोटा विजेचा हीटर लावला होता. तापमान बघून फर्नेस चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट खोलीच्या भिंतीवर आहे, त्याला खोलीपुरतंच कळतं. खोली उबदार, म्हणून फर्नेस गप्प, आणि पोट रात्रभर उपाशी. हिवाळ्यात ट्रेलरमध्ये राहणारे बरेच जण एकदा तरी असं फसतात, आणि त्यात त्यांचा दोष शोधायची आमची इच्छा नाही. खोलीत १९ अंश दिसत असताना फरशीखाली काय चाललंय, हे कोणाच्या मनात येणार?

[दृश्य: स्क्रू काढताना हात. शीट खाली वाकते.]

चौदा स्क्रू. बोटं बधिर झाल्यामुळे मध्ये दोनदा थांबावं लागलं.

आणि हे बघा. इथे थांबू या.

काचेच्या लोकरीचा हा पिवळा पट्टा म्हणजे इन्सुलेशन. तो पाईपच्या खाली हवा होता, बाहेरची थंडी अडवायला. बसवलाय पाईपच्या वर. वर उबदार फरशी, मग हा पट्टा, मग पाईप, आणि त्याखाली प्लास्टिकची एक पातळ शीट. म्हणजे खोलीची ऊब पाईपपर्यंत पोचू नये, हे काम पट्टा चोख करतोय.

बरोबर बसवला असता तरी त्याने ऊब तयार केली नसती. इन्सुलेशन असलेली ऊब धरून ठेवतं, एवढंच.

[दृश्य: स्टिकर, पुन्हा.]

[दृश्य: पाईप, त्यावरचा गोठलेल्या दवाचा पांढरा थर.]

हा पाईप पेक्सचा, म्हणजे किंचित ताणणारं प्लास्टिक. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पेक्स ते बऱ्याचदा सोसतो. न सोसणारे असतात सांधे: एल्बो, टी, पंपाच्या आधीच्या गाळणीची पारदर्शक वाटी. आणि बहुतेकांना वाटतं तसं, बर्फ जिथे आहे तिथेच पाईप फुटतो असंही नाही. बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी अडकतं, वाढणारा बर्फ त्याला रेटत राहतो, त्याला जायला वाट नसते, आणि जो सांधा कच्चा तो आधी जातो. म्हणून नळ उघडायचा आणि काम संपेपर्यंत उघडाच ठेवायचा.

[दृश्य: हेअर ड्रायर. लांब शॉट, न कापलेला.]

साधा हेअर ड्रायर. सुरुवात नळाच्या बाजूने: पाईप फरशीतून वर जातो त्या भोकापासून, आणि मग हळूहळू मागे. उलट दिशेने गेलात, तर वितळलेलं पाणी दोन बर्फांच्या मध्ये कोंडलं जाईल. ड्रायर एका जागी धरायचा नाही, फिरता ठेवायचा. चटई कोरडी आहे ना, हे दर थोड्या वेळाने बघायचं. विजेची वस्तू हातात आहे आणि डोक्यावरून पाणी येणार आहे.

गंमत अशी की या पाईपच्या एका मीटरमध्ये जेमतेम अर्धा पेला पाणी मावतं. अर्धा पेला बर्फ! पण शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. शिवाय ड्रायरची बहुतेक ऊब वाऱ्यावर जाते. त्यामुळे पाऊण तास झाला आणि अजून काही नाही.

याच वेळी कोणीतरी ज्योतीचा बर्नर सुचवतं. इथेही सुचवला गेला. फ्रेमच्या उजव्या कडेला जी बारीक नळी दिसते, ती गॅसची आहे.

[दृश्य: वर, नळ. आधी हवा, मग तुषार, मग धार.]

[४० सेकंद निवेदन नाही.]

[दृश्य: तडकलेला एल्बो, तळहातावर.]

एक एल्बो गेला होता. सगळे नळ बंद असतानाही पंप मधूनमधून घुर्र करत राहिला, त्यावरून गळती कळली. सिंकखालची फरशी फुगली. ती बदलावी लागली.

[दृश्य: दुपार. फोमचे तक्ते कापताना.]

ट्रेलरच्या चारही बाजूंनी जमिनीपर्यंत फोमचे तक्ते लावले, म्हणजे खालून वारा नाही. पट्टा पाईपच्या खाली आणला. या कामाला वीस मिनिटं लागली. कारखान्यातही यापेक्षा जास्त लागली नसती.

[दृश्य: शेजारच्या ट्रेलरचा सांडपाण्याचा पाईप, आतून बर्फाने भरलेला.]

आणि हा शेजारच्या ट्रेलरचा. रात्री नळ बारीक सोडून ठेवा, हा घरांसाठीचा सल्ला त्यांनी पाळला, पण सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्हही उघडा ठेवला. बारीक धार पाईपमधून जाता जाता थरावर थर गोठत गेली. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी भरली की एकदम सोडायची.

[दृश्य: सिलिंडर.]

गॅसचंही बघून घ्यायला हवं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. ब्युटेन शून्याच्या जवळपासच द्रव होऊन बसतो, आणि मग भरलेल्या सिलिंडरवरही फर्नेस पेटत नाही.

[दृश्य: रात्र. टेबलावर तापमापक, त्याची वायर फरशीतून खाली गेलेली.]

नवीन तापमापक. त्याची एक वायर पोटात सोडली आहे. रात्रीचे २ वाजलेत. बाहेर उणे १३. आत १६, विजेचा हीटर बंद. पोटात ४.

पोटात ३.

[आवाज: फर्नेसचा पंखा सुरू होतो.]