ठिपका हलला

साधारण दहा मीटर खोलीवर प्रवाळाच्या उतारावर पिवळ्या स्पंजांचा हा झुपका आहे. घाई करू नका, नीट बघा. यातला एक स्पंज मासा आहे.

उजवीकडचा तो फुगीर गोळा पाहा. स्पंजाच्या अंगावर पाणी बाहेर सोडणारी गोल भोकं असतात. तशीच काळसर वर्तुळं या गोळ्यावरही आहेत, पण ती भोकं नाहीत, नुसते ठिपके आहेत. त्यातला एक ठिपका आत्ता किंचित हलला. तो डोळा.

हा फ्रॉगफिश, आपल्या शब्दांत बेडूकमासा. जगभरातल्या उबदार समुद्रांत त्याच्या सुमारे ५० जाती आहेत. काही बोटाच्या पेराएवढ्याच, तर जायंट फ्रॉगफिश चांगला ३८ सेंटीमीटरपर्यंत वाढतो. माशासारखे चकचकीत खवले नाहीत, शरीर निमुळतं नाही. कातडी सैल, खडबडीत, कुठे चामखिळीसारखी. शेजार बदलला की काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, त्याचा रंगही बदलतो. इथे पिवळा आहे, दुसऱ्या स्पंजापाशी तोच लाल किंवा काळा झाला असता.

एवढं सोंग कशासाठी? स्वतःचा जीव वाचतोच, पण त्याहून मोठं कारण आहे पोटाचं. याच्या पाठीच्या पराचा पहिला काटा बदलून गळाची काठी झालाय आणि टोकाला आमिष आहे. केसाळ फ्रॉगफिशचं आमिष वळवळणाऱ्या किड्यासारखं दिसतं, दुसऱ्या एखाद्या जातीचं कोळंबीसारखं. कुणी ते तोडून नेलं तर पुन्हा उगवतं.

आता श्वास रोखून बघा. काठी पुढे आली. आमिष थरथरतंय. एक छोटा मासा थबकला, वळला, जवळ आला...

गेला.

तुम्हाला काही दिसलं नसेल, कारण हे सगळं सुमारे ६ मिलीसेकंदांत घडतं. सेकंदाला १००० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यातसुद्धा त्याच्या जेमतेम सहा चौकटी मिळतात. तोंडाची पोकळी एका क्षणात कैक पटींनी फुगते आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. दात रोवणं नाही, पाठलाग नाही. स्वतःपेक्षा लांब मासाही तो गिळू शकतो.

पाठलाग त्याला जमणारही नाही. त्याचं हे गोळ्यासारखं शरीर वेगाने पोहण्यासाठी घडलेलंच नाही. म्हणून तो चालतो. छातीचे पर कोपरातून वाकवावेत तसे वाकवून, एकेक पाऊल टाकत. अगदीच निकड पडली तर परांच्या मागच्या छोट्या भोकांतून पाण्याचा झोत सोडून पुढे सरकतो. ती भोकं म्हणजे कल्ल्यांची दारं.

पाणबुड्यांना इथे कळकळीने सांगावंसं वाटतं: फोटोसाठी त्याला काठीने डिवचू नका. ज्या स्पंजाशी रंग जुळवायला त्याचे कित्येक दिवस गेले, ती जागा तुमच्या एका ढोसण्याने सुटू शकते. थांबा. तो स्वतःहून जांभई दिल्यासारखा जबडा उघडतो, तेव्हा तुमचा फोटो आपोआप मिळेल.

इकडे त्याने तोंड मिटलंय. काठी मागे दुमडली, डोळा पुन्हा ठिपका झाला. एक खेकडा येतो, त्याला स्पंज समजतो आणि सरळ अंगावरून चालत जातो.