लाईन थांबली की कळतं

श्रोतेहो, नमस्कार.

घरात फरसाणाचं किंवा वेफर्सचं बंद पाकीट असेल, तर क्षणभर ते हातात घ्या. मागच्या बाजूला मधोमध एक उभी पट्टी दिसेल, आणि वर-खाली बारीक रेघारेघांच्या दोन आडव्या पट्ट्या. या तीन जोडांना आम्ही सील म्हणतो. पाकीट फोडल्यावर शेव कुरकुरीत निघाली, तर ही तिन्ही सीलं नीट बसली होती असं समजा. कुठल्यातरी एमआयडीसीत, कदाचित रात्री अडीच वाजता, कुणीतरी मशीनसमोर उभं राहून ती नीट बसतायत ना हे बघत होतं. तो ऑपरेटर. त्याला काम येतं की नाही हे ठरवण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

आधी मशीन डोळ्यांसमोर आणू. मागे फिल्मचा मोठा रोल असतो. तिथून फिल्म रुळांवरून येते आणि एका कॉलरवरून खाली वळताना नळीभोवती गुंडाळली जाते. नळीच्या अंगाला उभं सील बसतं. वरच्या वजनयंत्रातून मोजून माल नळीत पडतो. खाली दोन तापलेले जबडे असतात, आम्ही त्यांना जॉ म्हणतो. ते एकदा मिटले की भरलेल्या पाकिटाचं तोंड बंद होतं, त्याच दाबात पुढच्या पाकिटाचा तळ तयार होतो, आणि मधल्या पात्यानं दोन्ही वेगळी होतात. मिनिटाला साठ पाकिटं काढणारं मशीन म्हणजे सेकंदाला एकदा जॉ मिटणार. ऑपरेटरनं आठ तास या तालात उभं राहायचं.

आता हे काम येतं म्हणजे काय? बहुतेक ठिकाणी याचं उत्तर कागदावर शोधतात. दोन तास वर्ग, मग वीस प्रश्नांचा पेपर, बरोबरच्या चौकोनात खूण, खाली सही. कपाटात फाईल जाते आणि ऑडिटच्या दिवशी बाहेर येते. हा पेपर अगदी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. हात कधी धुवायचे, टोपी कशी घालायची, बॅच नंबर कसा वाचायचा, हे माहीत आहे का ते त्यातून कळतं. पण सील सुटायला लागल्यावर हा माणूस पहिला हात कुठे नेईल, हे कुठल्याच चौकोनात दिसत नाही. आणि माझ्या मते सगळी परीक्षा त्या पहिल्या हातात आहे.

सीलचंच घ्या. ते तीन गोष्टींवर बसतं: जॉची उष्णता, जॉचा दाब, आणि जॉ फिल्मवर किती वेळ टेकून राहतो. मशीनचा वेग चाळीसवरून साठवर नेला की टेकण्याचा वेळ कमी होतो. उष्णता तीच ठेवली तर सील कच्चं राहतं. हे गणित ज्याला अंगवळणी पडलंय तो वेग वाढवला की न सांगता पुढची आठ-दहा पाकिटं बाजूला काढतो, दोन्ही हातांनी सील ओढून बघतो, आणि पाण्याच्या भांड्यात निर्वात करून बुडबुडे येतायत का ते तपासतो. मगच माल पुढे सोडतो.

पण कधीकधी उष्णता, दाब, वेळ सगळं जागेवर असतं, तरी सील सुटतं. फाडून बघितलं तर जोडात शेवेचा चुरा अडकलेला दिसतो. माल उशिरा पडतोय, किंवा पाकिटाच्या मानानं माल जास्त आहे, आणि जॉ मिटताना चुरा मध्येच सापडतोय. इथे नवखा माणूस काय करतो? टेंपरेचर वाढवतो. पाच अंश, अजून पाच अंश. फिल्म करपते, सुरकुत्या पडतात, चुरा आहे तिथेच. जाणता माणूस टेंपरेचरच्या बटणाला हातही लावत नाही. तो सुटलेलं पाकीट उजेडाकडे धरून बघतो, मग मान वर करून माल पडण्याचा टायमिंग बघतो. ही दोन माणसं पेपरात सारखेच मार्क मिळवू शकतात. म्हणून मी पेपर झाल्यावर मशीनजवळ जाऊन उभा राहतो.

वजनाचंही तसंच. वजन-मापाचे २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम आहेत. त्यांप्रमाणे दोनशे ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात जास्तीत जास्त साडेचार टक्के, म्हणजे नऊ ग्रॅमपर्यंत तूट चालते. पण सगळ्या पाकिटांची सरासरी दोनशेच्या खाली जाऊन चालत नाही. गिऱ्हाइकाला कमी जाऊ नये हे झालंच. दुसरी बाजू ऑपरेटरला कुणी सांगतच नाही. भीतीपोटी काटा दोन ग्रॅम वर लावून ठेवला, तर मिनिटाला साठ पाकिटांमागे एकशेवीस ग्रॅम माल फुकट जातो. तासाला सात किलो दोनशे ग्रॅम. सात तास लाईन चालली तर पन्नास किलो. हा हिशेब मी ऑपरेटरला तोंडी विचारत नाही. तीस पाकिटांची वजनं त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "बघा, काय करायला हवं?" कुणी एकच कमी भरलेलं पाकीट बघून काटा वर ढकलतो. कुणी सगळ्यांची सरासरी काढतो, आणि ते एक पाकीट वजनयंत्राच्या कुठल्या हेडमधून, म्हणजे कप्प्यातून, आलं ते शोधायला जातो. दुसऱ्याला काम येतं.

मेटल डिटेक्टरबद्दल थोडक्यात सांगतो. तो ठरावीक वेळानं, बऱ्याच ठिकाणी तासातासाला, तीन तुकडे टाकून तपासतात. एक लोखंडाचा, एक पितळेसारख्या धातूचा, एक स्टेनलेस स्टीलचा. स्टेनलेस पकडायला सगळ्यांत अवघड. माझा प्रश्न एकच असतो. दहाला तपासलं तेव्हा ठीक होतं, अकराला स्टीलचा तुकडा तसाच पुढे गेला. आता? बरेच जण म्हणतात, मेंटेनन्सला बोलावतो, दुरुस्त करून घेतो. ते बरोबरच आहे, पण अर्धवट. दहापासून अकरापर्यंत निघालेली तीन हजार सहाशे पाकिटं कुठे आहेत? ती अडवून ठेवायला हवीत आणि चांगल्या डिटेक्टरमधून पुन्हा काढायला हवीत. हे न विचारता सांगणारा माणूस भेटला की मला मनापासून बरं वाटतं. कारण तो मशीनच्या पलीकडे, पाकीट फोडणाऱ्या लहान मुलापर्यंत विचार करतोय.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगणं सोपं नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी एका तरुण ऑपरेटरची तपासणी केली. चाळीस मिनिटं त्याच्याजवळ उभा होतो. लाईन पाण्यासारखी चालली. रोल बदलला, तारीख तपासली, वजनं लिहिली, सगळं नीटनेटकं. मी कार्डावर सही केली, "स्वतंत्रपणे मशीन चालवू शकतो." दोन-अडीच महिन्यांनी, तिसऱ्या शिफ्टला, फिल्मचा करपलेला तुकडा जॉला चिकटला. तो काढायला त्यानं हात आत घातला. मशीन पूर्ण बंद नव्हतं. दोन बोटांची टोकं भाजली, एकाचं नख कायमचं गेलं.

पुढे विचारपूस झाली. जॉच्या पुढे पारदर्शक दार असतं, ते उघडलं की मशीन थांबलं पाहिजे. त्या दाराच्या सेन्सरवर कुणीतरी छोटं लोहचुंबक चिकटवून ठेवलं होतं, म्हणजे दार उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटणार. शिफ्टमधल्या सगळ्यांना हे माहीत होतं. पंधरा सेकंद वाचत होते ना. आणि ती चाळीस मिनिटं मी त्या दारापासून हातभर अंतरावर उभा होतो. दार उघडायची वेळच आली नाही, म्हणून मी ते उघडायला सांगितलं नाही. मी त्याला मशीन चालवताना पाहिलं होतं. अडलेलं मशीन सोडवताना पाहिलंच नव्हतं, आणि तरी सही केली.

चालू यंत्राजवळ जाण्याबद्दल १९४८ च्या कारखाना कायद्यात वेगळं कलम होतं. चालू यंत्राला हात लावायची वेळ आलीच, तर खास शिकवलेल्या आणि अंगाला घट्ट कपडे घातलेल्या माणसानंच ते करायचं, असं त्यात लिहिलेलं. कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच ओळखलं होतं की धोका अडकलेलं काढताना असतो. मला ते त्या मुलाचा बँडेज बांधलेला हात बघून कळलं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. मी लाईन चांगली चाललेली बघायला जातच नाही. थांबलेली बघायला जातो. थांबत नसेल तर सुपरवायझरला सांगून थांबवतो: रोल संपत आलेला असताना जातो, माल बदलायच्या वेळी जातो, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा चालू करताना जातो. पहिल्या दिवशी पहिल्या शिफ्टला आणि नंतर एकदा रात्री. तोच माणूस पहाटे साडेतीनला वेगळा असतो, त्यात त्याचा दोष नाही. आणि पहिल्या पाच मिनिटांतच मी दार उघडून बघतो. मशीन थांबलं नाही, तर ऑपरेटरची तपासणी तिथेच बंद, आणि कारखान्याची सुरू.

माल बदलणं तर फार बघण्यासारखं. शेंगदाण्याचा चिवडा संपला आणि आता साधी शेव लावायची. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला एका दाण्यानंही जीवघेणा त्रास होऊ शकतो. मग बघायचं, ऑपरेटर वजनयंत्राच्या कप्प्यांत बॅटरी मारून बघतो का? नळीच्या तळाशी? बेल्टच्या कडेला? आधीच्या मालाचा उरलेला रोल, खोकी, लेबलं लाईनवरून उचलतो का? औषधांच्या कारखान्यात याला लाईन क्लिअरन्स म्हणतात, आणि दुसऱ्या माणसानं तपासून सही केल्याशिवाय नवी बॅच सुरूच होत नाही. खाण्याच्या वस्तूंच्या कारखान्यांतही सगळीकडे असंच व्हायला हवं, असं मला फार वाटतं.

आणखी एक गोष्ट मला बोचते. ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांच्या भाषेत ती घेतली जात नाही. मशीनच्या स्क्रीनवर इंग्रजी, सूचनांच्या तक्त्यावर इंग्रजी, आणि समोर मराठवाड्यातून आलेली मुलगी किंवा ओडिशातून आलेला मुलगा. मी "सांगा" म्हणत नाही, "दाखवा" म्हणतो. दाखवताना शब्द अडला तरी हात अडत नाही. जिथे बोलावंच लागतं तिथे त्या माणसाच्या बोलीत, नाहीतर बरोबरच्या कुणाला मध्ये घेऊन. २०१५ पासून केंद्र सरकारच्या कौशल्य विकास योजनेत, आधीपासून काम करणाऱ्यांचा अनुभव तपासून प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. सोय चांगली आहे. फक्त ती तपासणी मशीनजवळ व्हावी, खुर्च्या मांडलेल्या हॉलमध्ये नको.

आणि कुणी नापास झालं तर? मी आधी शिकवणाऱ्याकडे जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांना झपाट्यानं तयार करायची मोहीम चालली होती, पुढे ती जपानमध्येही गेली. तिचा पायाच असा होता की कामगार शिकला नाही याचा अर्थ शिकवणाऱ्यानं शिकवलं नाही. आपल्याकडे मात्र "नवीन आहेस ना, त्याच्याजवळ उभा राहा, बघून बघून शिकशील" एवढ्यावर काम भागवतात. ज्याच्याजवळ उभं राहायचं त्यानंच चुंबक लावलेलं असेल, तर मुलगा चुंबकच शिकणार.

मागच्या पावसाळ्यातली एक तपासणी. पंचविशीतली ऑपरेटर होती, सगळे तिला ताई म्हणायचे. लाईन जोरात होती, संध्याकाळी गाडी लागायची होती, सुपरवायझर दोनदा येऊन घड्याळ बघून गेले. फिल्मचा नवा रोल लागला. चौथ्या-पाचव्या पाकिटाला तिनं लाल बटण दाबलं. सगळे थांबले. पाकीट हातात धरून ती म्हणाली, "महिना मागचा पडलाय." रोल बदलताना कोडिंगच्या, म्हणजे तारीख छापायच्या, मशीनवर जुनी सेटिंग उचलली गेली होती. सुपरवायझर काही बोलणार, तेवढ्यात तिनं शांतपणे सगळी पाकिटं मोजून लाल क्रेटमध्ये टाकली, आकडा वहीत लिहिला, सेटिंग बदललं, पहिलं पाकीट स्वतः वाचलं आणि दुसऱ्याला वाचायला दिलं. मग लाईन सुरू केली. साडेसहा मिनिटं गेली.

त्या कारखान्यात प्रत्येक ऑपरेटरच्या नावापुढे भिंतीवर चार फाकांचं वर्तुळ आहे. एक फाक भरली म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे कुणाच्या तरी नजरेखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. मी तिच्या तीन फाका भरल्या आणि सही केली.

तिनं वर्तुळ बघितलं आणि मला विचारलं, "सर, शिकवायला कुणी दिलंच नाही, तर चौथी भरणार कशी?"

सुपरवायझर शेजारीच होते. सोमवारी दोन नवी मुलं तिच्या लाईनवर आली. पहिल्याच दिवशी तिनं दोघांना दार उघडून मशीन थांबतं का ते बघायला लावलं.