वाळवंटातलं आकाशबेट

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात मी लेकीकडे होते, अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहरी. उन्हाने नुसती काहिली होत होती आणि ही म्हणाली, "आई, स्वेटर घे, डोंगरावर जाऊ." मला थट्टाच वाटली.

शहराला लागून उत्तरेला सांता कॅटालिना डोंगररांग आहे. टूसॉनची उंची 730 मीटर आणि रांगेतलं सर्वांत उंच शिखर, माउंट लेमन, 2,791 मीटर. सारा लेमन या वनस्पती-अभ्यासक बाई 1881 साली तिथवर चढल्या, त्यांचं हे नाव. आता वरपर्यंत साधारण 43 किलोमीटरचा घाटरस्ता आहे.

पायथ्याशी सग्वारो निवडुंग. दगडी खांबासारखे उंच, अंगाला उभ्या चुण्या. पाऊस झाला की खोड पाणी पिऊन फुगतं, चुण्या उलगडतात. याला बाजूचे हात फुटायलाच 50 ते 75 वर्षं लागतात! थोडं वर गेलो तर सग्वारो संपले, ओकची खुरटी झाडं लागली. मग एका वळणावर पाइन. गाडी थांबवून मी एका जुन्या पाँडेरोसा पाइनच्या तापलेल्या सालीच्या भेगेला नाक लावलं. चक्क व्हॅनिलाचा वास! तोवर स्वेटर अंगात चढला होता.

डबा आम्ही वाटेतल्या हिराबायाशी तळावर खाल्ला. हा रस्ता 1933 ते 1950 या काळात बराचसा कैद्यांनी बांधला. दुसऱ्या महायुद्धात सरकारने जपानी वंशाच्या नागरिकांवर लादलेले हुकूम गॉर्डन हिराबायाशी या विद्यार्थ्याने मानले नाहीत. त्याची शिक्षा त्याने इथल्या छावणीत राबून भोगली. 1987 साली न्यायालयाने ती रद्द केली. आज तिथे लोक तंबू ठोकतात, पोरं खेळतात. ती पाटी वाचताना माझा घास हातातच राहिला.

वर रोझ कॅन्यनच्या तळ्यात गळ टाकून बसलेली माणसं दिसतात, हिवाळ्यात बर्फ पडलं की स्कीइंग चालतं.

या डोंगरांना तिकडे आकाशबेटं म्हणतात. हिमयुग सरलं, हवा तापली, तशी थंडीतली झाडं वर वर सरकली आणि माथ्यावर अडकली. चहूबाजूंना वाळवंटाचा समुद्र. असं रान जळालं, तर शेजारच्या रानातून बी यायचं कुठून? 2003 च्या वणव्यात माथ्यावरच्या समरहेवन गावातली तीनशेहून अधिक घरं गेली. 2020 मध्ये वीज पडून पेटलेली आग जवळजवळ 48 हजार हेक्टरांवर फिरली.

आता खालच्या उतारांवर बफेल गवत माजलंय. राजस्थानात गुरांना घालतात ते धामण गवत हेच. तिकडेही चाऱ्यासाठीच आणलं होतं. पूर्वी दोन निवडुंगांमध्ये मोकळी माती असायची, आग पुढे सरकायची नाही. हे गवत ती जागा भरून काढतं, वाळतं आणि पेट घेतं. सग्वारोला आग सोसत नाही.

म्हणून तिथले स्वयंसेवक सुटीच्या दिवशी पहारी घेऊन ते मुळासकट खणून काढतात. लेकही जाते. मी निघाले त्या दिवशी विमानतळावर तिने माझा हात धरला, तेव्हा तिच्या तळव्यावरचे घट्टे माझ्या बोटांना लागले.

नमस्कार.