अलर्ट कोणाकडे जातो?

मित्रहो, दूरस्थ वैद्यकीय सेवेच्या कायद्यावर आणि नीतीवर बोलायचं तर यादी खूप लांबते. मी आज एकच गोष्ट मांडणार आहे. रुग्णाच्या अंगात किंवा अंगावर नेटला जोडलेलं यंत्र बसवण्याआधी, त्यातून निघणाऱ्या माहितीला आणि त्या यंत्राच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला कोण कोण बांधील आहे, हे नावानिशी ठरलेलं असायला हवं. आणि ते रुग्णाला माहीत असायला हवं. आज बहुतेक वेळा ते ठरलेलं नसतं.

आयसीडी घ्या. हृदयाची लय जीवघेणी बिघडली की शॉक देऊन ती पूर्ववत करणारं, छातीत बसवलेलं यंत्र. रुग्णाच्या पलंगाशेजारी एक छोटा ट्रान्समीटर असतो. रात्री रुग्ण झोपला की तो यंत्रातल्या नोंदी वाचतो आणि मोबाइल नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो. एखादी नोंद ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेली, तर रुग्णालयाच्या पोर्टलवर खूण, म्हणजे अलर्ट, उमटते. समजा ती शनिवारी रात्री दोनला उमटली. पोर्टल बघणारी तंत्रज्ञ सोमवारी सकाळी कामावर येणार. मधल्या काळात ती खूण कोणीच पाहत नाही. पुष्कळ ठिकाणी कागदावर लिहिलेलंही असतं की ही आपत्कालीन सेवा नाही. पण रुग्ण काय समजून चालतो? ‘माझ्यावर चोवीस तास लक्ष आहे.’ मग छातीत धडधड झाली तरी तो ॲम्ब्युलन्स बोलावत नाही. काही गंभीर असतं तर एव्हाना रुग्णालयातून फोन आला असता, असं त्याला वाटतं. यंत्र नसतं तर तो लगेच निघाला असता. खोटा दिलासा रुग्णाला अपाय करतो, आणि हा अपाय यंत्र उत्तम चालत असतानाही होतो.

इथे कायदा काय विचारतो? निष्काळजीपणाच्या दाव्यात पहिला प्रश्न असतो की काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का आणि ते केव्हा सुरू झालं. माहिती सर्व्हरवर पोहोचली तेव्हा, पोर्टलवर दिसली तेव्हा, की माणसाने वाचली तेव्हा? डॉक्टर म्हणतील, मला दिसलंच नाही. रुग्णालय म्हणेल, वेळा आम्ही कळवल्या होत्या. कंपनी म्हणेल, आम्ही फक्त पोहोचवतो. त्यात मर्यादा कोणी ठरवली हा वेगळाच गुंता. कंपनीकडून आलेली सेटिंग्ज तशीच ठेवली, तर बिनमहत्त्वाच्या अलर्टचा ढीग साचतो आणि त्यात खरा अलर्ट हरवतो. त्या ढिगापुढे बसलेल्या एकट्या तंत्रज्ञाला शेवटी दोषी धरलं जातं, हे मला अन्यायाचं वाटतं. माणसं न नेमता यंत्रणा उभी करणाऱ्या व्यवस्थापनाला आधी जाब विचारायला हवा.

संमतीचंही तसंच आहे. भारतात 25 मार्च 2020 रोजी आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रुग्णाने स्वतः संपर्क साधला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. फोनवरच्या एका सल्ल्यापुरतं हे योग्यच आहे. पण तोच तर्क वर्षानुवर्षं चालणाऱ्या देखरेखीला लावता येणार नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, घाबरलेल्या अवस्थेत केलेल्या एका सहीतून पुढच्या दहा वर्षांच्या नोंदींची परवानगी मिळाली असं मानणं म्हणजे संमतीची थट्टा आहे. अमुक मुदतीने पुन्हा विचारलं पाहिजे, आणि देखरेख बंद करून उपचार मात्र चालू ठेवण्याची मुभा रुग्णाला असली पाहिजे.

या नोंदी कुठवर जातात ते पाहा. झोपेत श्वास अडकणाऱ्यांना सीपॅप नावाचं यंत्र देतात. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विम्याचा नियम आहे की पहिल्या तीन महिन्यांत सलग 30 दिवसांचा असा एक काळ दिसला पाहिजे, ज्यातल्या 70 टक्के रात्री रुग्णाने यंत्र किमान 4 तास वापरलं. नाहीतर पुढचा खर्च नाकारला जाऊ शकतो. वापराचे हे तास यंत्रच मोजतं आणि मोडेममधून कळवतं. म्हणजे उपचाराचं साधन रुग्णावर पाळत ठेवण्याचं साधनही झालं. अमेरिकेच्याच ओहायो राज्यात 2016 मध्ये एका घराला आग लागली. मालकाचा जबाब खरा की खोटा हे तपासण्यासाठी पोलिसांनी वॉरंट काढून त्याच्या पेसमेकरच्या नोंदी घेतल्या, आणि 2017 मध्ये न्यायाधीशांनी तो पुरावा वापरायला परवानगी दिली. कोणी गुन्हा केला असेल तर तपास व्हावाच. पण स्वतःच्या हृदयाचे ठोके आपल्याविरुद्ध साक्ष देऊ शकतात हे पेसमेकर बसवताना कोणाला सांगतात? आणि विरोधाभास असा की याच नोंदी रुग्णाला स्वतःला मिळवणं अवघड होतं. आपल्याच शरीरातल्या यंत्राची माहिती वाचली तर कॉपीराइटच्या कायद्याचा भंग ठरणार नाही, एवढी सवलत मिळायला अमेरिकेत 2015 साल उजाडलं.

माहिती फुटली तर काय होतं याचं सर्वांत वेदनादायी उदाहरण फिनलंडचं आहे. वास्तामो या मानसोपचार संस्थेतल्या नोंदींची चोरी 2020 मध्ये उघड झाली. 30 हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी चोराच्या हाती लागल्या. संस्थेने पैसे दिले नाहीत, तेव्हा चोराने थेट रुग्णांना ईमेल पाठवून खंडणी मागितली. उपचारकाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी नेटवर टाकल्या. पासवर्ड बदलता येतो, क्रेडिट कार्ड रद्द करता येतं. लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल आपण जे बोललो ते परत घेता येत नाही. तिथे दंड, भरपाई, शिक्षा हे सगळं तोकडं पडतं, म्हणून कमीत कमी माहिती साठवणं हाच खरा बचाव.

यंत्रच हॅक होण्याची भीती लोकांना जास्त वाटते. 2008 मध्ये अमेरिकी संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं होतं की अगदी जवळून रेडिओ लहरी सोडून एका आयसीडीला नको तेव्हा शॉक द्यायला लावता येतं. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या यंत्रातली वायरलेस सोय 2007 मध्ये डॉक्टरांनी याच धास्तीने बंद करायला लावली होती. मग कडक कुलूप का लावत नाहीत? कारण बेशुद्ध रुग्ण अनोळखी रुग्णालयात आणला गेला, तर तिथल्या डॉक्टरांना ते यंत्र उघडता आलं पाहिजे. सुरक्षा जितकी घट्ट, तितका आणीबाणीत धोका.

हा तोल प्रत्यक्षात कसा सांभाळायचा ते 2017 मध्ये दिसलं. सेंट ज्यूड या कंपनीच्या (तेव्हा ती ॲबटकडे गेली होती) पेसमेकरमधली एक सुरक्षा-त्रुटी बुजवणाऱ्या अपडेटला एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, मंजुरी दिली. अमेरिकेत अशी सुमारे 4 लाख 65 हजार यंत्रं होती. कोणाला इजा झाल्याची एकही नोंद नव्हती. अपडेट घरबसल्या होणार नव्हतं. दवाखान्यात जाऊन साधारण तीन मिनिटं यंत्र राखीव लयीवर चालवावं लागणार होतं. यंत्र पूर्ण बंद पडण्याची शक्यता 0.003 टक्के, म्हणजे लाखात तीन. आता सांगा, ज्याचं हृदय पूर्णपणे त्या यंत्राच्या आधाराने चालतं त्याने काय करावं? कधीच न घडलेल्या हल्ल्यापासून वाचण्यासाठी लाखात तीनचा धोका पत्करावा का? एफडीएने सरसकट आदेश दिला नाही. डॉक्टर आणि रुग्णाने बोलून ठरवावं असं सांगितलं. मला ते पटतं. सॉफ्टवेअरचं अपडेट इथे एक वैद्यकीय उपचार आहे आणि त्यालाही समजून दिलेली संमती लागते.

यंत्र आयुष्यभराचं आणि कंपनी मात्र चार वर्षांची, असं झालं तर? सेकंड साइट कंपनीने आर्गस टू नावाचं कृत्रिम नेत्रपटल बनवलं. डोळ्यात 60 इलेक्ट्रोड, चष्म्यावर कॅमेरा, कमरेला प्रोसेसर. जगभरात 350 हून अधिक अंध व्यक्तींना तिची नेत्रपटलं बसवली गेली. 2019 मध्ये कंपनीने हे उत्पादन थांबवलं आणि 2020 मध्ये ती बुडण्याच्या बेतात आली. रुग्णांच्या डोळ्यात यंत्र राहिलं; बाहेरचा भाग बिघडला तर दुरुस्त करणारं कोणी उरलं नाही. कायद्याच्या लेखी ही एक विक्री होती आणि ती पूर्ण झाली होती. रुग्णाच्या दृष्टीने ते आयुष्यभराचं नातं होतं.

कायदा हळूहळू जागा होतोय. अमेरिकेत मार्च 2023 पासून नेटला जोडलेल्या नव्या यंत्राच्या मंजुरीसाठी त्रुटी शोधून बुजवण्याची योजना आणि आत वापरलेल्या सॉफ्टवेअर घटकांची यादी द्यावी लागते. युरोपीय संघाने 2024 मध्ये उत्पादकाच्या दायित्वाचा नियम नव्याने लिहिला. त्यात सॉफ्टवेअर हे उत्पादन मानलं आहे आणि सुरक्षेचे अपडेट न पुरवणं हाही दोष ठरू शकतो. सदस्य देशांनी डिसेंबर 2026 पर्यंत तो आपापल्या कायद्यात आणायचा आहे. पण बुडालेल्या कंपनीवर दावा लावून काय मिळणार? मंजुरी देतानाच दुरुस्तीसाठी वेगळा निधी आणि तांत्रिक आराखडे तटस्थ ठिकाणी ठेवून घ्यायला हवेत.

एक शेवटचा मुद्दा, ज्याबद्दल डॉक्टरही बोलायला कचरतात. मरणासन्न रुग्णाचं आयसीडी चालूच राहिलं, तर ते शेवटच्या तासांतही शॉक देत राहतं, शुद्धीत असलेल्या माणसाला. हार्ट रिदम सोसायटी या हृदयाच्या लयीच्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2010 मध्येच स्पष्ट केलं की ते बंद करायला सांगण्याचा रुग्णाला अधिकार आहे आणि तसं करणं म्हणजे इच्छामरण नव्हे. पण खरी अडचण पुढे आहे: हॅकिंगच्या भीतीने ही यंत्रं दुरून फक्त वाचता येतात, सहसा बदलता येत नाहीत. घरी असलेल्या रुग्णाचं यंत्र बंद करायला प्रोग्रॅमर, म्हणजे यंत्राची सेटिंग्ज बदलणारं उपकरण, घेऊन कोणीतरी जावं लागतं. छातीवर यंत्राच्या जागी चुंबक ठेवून शॉक तात्पुरते थांबवता येतात, एवढीच सोय. म्हणून यंत्र बसवतानाच्या संमतिपत्रात मला अजून दोन रकाने हवे आहेत. पहिल्यात, अलर्ट कोण पाहतो आणि कोणत्या वेळी कोणीच पाहत नाही. दुसऱ्यात, यंत्र बंद करायची वेळ आली तर घरी कोण येईल, आणि त्याचा फोन नंबर.