पर-सीपीयू डेटा: 'धिस_सीपीयू_पीटीआर' कुठं चालतो, कुठं घात करतो

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून स्वागत. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नेटवर्किंग कोडमधला एक बदल आज बघू: 'पर_सीपीयू_पीटीआर' च्या जागी 'धिस_सीपीयू_पीटीआर' लिहिणं. दिसायला एका ओळीचा, पण चुकीच्या जागी केला तर आकडे खोटे पडतात.

साखर कारखान्याच्या गेटवर चार वजनकाटे आहेत आणि वही एकच, असं समजा. उसाच्या ट्रॉल्यांची रांग पार हमरस्त्यावर जाणार! म्हणून काट्यागणिक वही आणि शेवटी बेरीज. पर-सीपीयू व्हेरिएबल म्हणजे हेच. पॅकेट ज्या सीपीयूवर हाताळलं जातं, तो आपलाच काउंटर वाढवतो. लॉक लागत नाही आणि ६४ बाइटची कॅश लाइन (सीपीयूजवळच्या जलद मेमरीचा एक तुकडा) सीपीयूंमध्ये ओढाताणीत सापडत नाही. टर्मिनलवर 'कॅट /प्रॉक/नेट/सॉफ्टनेट_स्टॅट' मारा. चालू असलेल्या प्रत्येक सीपीयूची एक ओळ येईल, आकडे हेक्समध्ये. पहिला रकाना हाताळलेल्या पॅकेटांचा, दुसरा टाकून दिलेल्या.

आता जुना कोड बघा. आधी 'एसएमपी_प्रोसेसर_आयडी' नं सीपीयूचा नंबर काढायचा, मग तो 'पर_सीपीयू_पीटीआर' ला द्यायचा. त्या नंबरावरून कर्नल तक्त्यात ऑफसेट, म्हणजे त्या सीपीयूची वही मेमरीत कुठं आहे ते, शोधतो. पण स्वतःचाच ऑफसेट एक्स८६-६४ वर जीएस रजिस्टरच्या आधारानं थेट मिळतो, मग तक्ता कशाला? 'धिस_सीपीयू_पीटीआर' लिहा, नंबराचं व्हेरिएबलही गेलं. नुसता एक काउंटर वाढवायचा असेल तर पॉइंटरसुद्धा नको, 'धिस_सीपीयू_इंक' पुरे. एक्स८६ वर त्याची एकच इन्स्ट्रक्शन होते आणि ती मध्येच तोडता येत नाही.

खरी गोची 'गेट_सीपीयू' पाशी आहे. तो नंबर तर देतोच, शिवाय प्रीएम्प्शन, म्हणजे चालू टास्क मध्येच थांबवून दुसरा चालवणं, बंद करतो. 'पुट_सीपीयू' ते परत चालू करतो. 'गेट_सीपीयू' आणि 'पुट_सीपीयू' उडवून तिथं नुसता 'धिस_सीपीयू_पीटीआर' टाकला, तर ते संरक्षण गेलं. पॉइंटर घेतला सीपीयू २ वर, शेड्युलरनं टास्क उचलून ३ वर नेला, आणि लिहितोय अजून २ च्याच वहीत. त्याच वेळी २ पण लिहीत असेल, तर एक वाढ गिळली जाते. क्रॅश नाही, नेहमीच्या कर्नलमध्ये लॉग नाही, आकडा फक्त थोडा कमी. म्हणूनच हा बग महिनोन्‌महिने सापडत नाही.

सॉफ्टआयआरक्यूमध्ये (इंटरप्टनंतरचं उरलेलं काम कर्नल जिथं उरकतो), म्हणजे आलेली पॅकेटं गठ्ठ्यानं उचलणाऱ्या नापीच्या पोल फंक्शनमध्ये, काम दुसऱ्या सीपीयूवर हलत नाही. तिथं हा बदल बिनधास्त करा. प्रोसेस कॉन्टेक्स्टमधूनही, म्हणजे एखाद्या प्रोग्रामच्या वतीनं चालणाऱ्या कोडमधूनही, तोच डेटा बदलत असाल तर भोवती 'लोकल_बीएच_डिसेबल' हवाच; तो त्या सीपीयूवरचे सॉफ्टआयआरक्यू तेवढ्यापुरते रोखतो. चाचणीचा कर्नल 'कॉन्फिग_डीबग_प्रीएम्प्ट' चालू करूनच बांधा. 'धिस_सीपीयू_पीटीआर' चुकीच्या जागी वापरलात की डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, कॉल ट्रेससकट (कोणत्या फंक्शनमधून आलं त्या यादीसकट) इशारा येतो.

आणि बेरीज करताना 'पर_सीपीयू_पीटीआर' च लागतो, कारण तिथं दुसऱ्यांच्या वह्या वाचायच्या असतात. लूप 'फॉर_ईच_पॉसिबल_सीपीयू' चा घ्या. 'ऑनलाइन' वाला, म्हणजे फक्त चालू सीपीयूंचा, घेतलात तर एखादा सीपीयू बंद होताच त्यानं मोजलेली पॅकेटं बेरजेतून गायब होतात आणि एकूण आकडा मागं सरकतो.