लव्हाळ्यांच्या वाटेने जाणारं पाणी

नमस्कार, श्रोतेहो. न्हाणीघरातलं, संडासातलं, भांडी घासल्याचं पाणी मोरीतून गेलं की आपल्या लेखी ते संपतं. पण ते कुठेतरी पोचतंच. ते स्वच्छ करायला पाणकणीस, कर्दळ, लव्हाळे कसे उपयोगी पडतात, हे आज सांगणार आहे.

सगळी घाण वनस्पतीच शोषून घेते, असं बहुतेकांना वाटतं. थोडं नत्र, थोडं स्फुरद ती घेते, हे खरं. पण मोठं काम करतात ते तिच्या मुळांवर आणि भोवतालच्या खडीवर वाढणारे जिवाणू. पुन्हा सांगते, घाणीचा फडशा पाडतात जिवाणू. वनस्पती त्यांना थारा देते आणि हवा पुरवते. पाणकणसाचं पान आडवं कापून बघा. आत हवेचे कप्पेच कप्पे दिसतील. त्यांतून हवा थेट मुळापर्यंत उतरते.

आता माझी आवडती गोष्ट. अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, हम्बोल्ट उपसागराच्या काठी आर्केटा नावाचं छोटं शहर आहे. लाकूड कापायच्या गिरण्यांचं गाव. किनाऱ्यावर ओंडके ठेवायची जुनी तळी आणि जवळच गावाचा कचरा टाकायची जागा. 1974 साली राज्याने नियम केला: उपसागरात सांडपाणी सोडायचं नाही. सोडायचंच असेल, तर त्या पाण्याने उपसागराचं भलं झालं पाहिजे. मग योजना आली, की आसपासच्या गावांचं मिळून एकच मोठं शुद्धीकरण केंद्र बांधायचं, उपसागराच्या तळाखालून पाइप न्यायचा आणि पाणी महासागरात सोडायचं. खर्च अफाट.

आर्केटाने त्या नियमातलं दुसरं वाक्य धरून ठेवलं. भलं झालं पाहिजे ना? मग करून दाखवतो! तिथल्या विद्यापीठात जॉर्ज ॲलन नावाचे मत्स्यतज्ज्ञ होते. ते शुद्ध केलेलं सांडपाणी समुद्राच्या पाण्यात मिसळून त्यात सॅमन माशांची पिल्लं वाढवत. ज्या पाण्याचं नाव काढलं तरी लोक नाक मुरडत, त्यात मासे वाढत होते! त्यांच्या जोडीला होते रॉबर्ट गिअरहार्ट, पर्यावरण अभियंते. त्यांचं म्हणणं एकच, की पाइप नको, पाणथळ करू. वर्षानुवर्षं वाद झाला. आधी लहान वाफ्यांत प्रयोग करून आकडे दाखवावे लागले, तेव्हा कुठे मंजुरी मिळाली. 1986 पासून तिथलं पाणी आधी गाळ बसवून, मग मोठ्या तळ्यांतून आणि नंतर पाणकणीस-लव्हाळ्यांतून संथ फिरतं. ओंडके ठेवायच्या जुन्या जागेची पाणथळ झाली आणि तिला ॲलन यांचं नाव मिळालं. दुसऱ्या एका पाणथळीला गिअरहार्ट यांचं. तिथे आजवर 300 हून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेलेत. लोक सकाळी फिरायला जातात ते सांडपाणी केंद्रावर! मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही. जंतू मारायला क्लोरीन तिथेही लागलं, तेवढं मात्र विसरू नका.

ओढे दिसले की दोन्ही काठांना सिमेंटच्या भिंती घालायची हौस सगळीकडे वाढली आहे, आणि मला तिचा मनापासून राग येतो. भिंत घातली की काठाचं गवत जातं, मुळं जातात, जिवाणूंचा थारा जातो. मग त्याच ओढ्याच्या शुद्धीकरणासाठी निविदा निघतात.

जलपर्णीबद्दलही एक सांगते. ती पाण्यातलं नत्र, स्फुरद भराभर घेते, पण वेळेवर काढली नाही तर तिथेच कुजते आणि घेतलेलं सगळं पाण्याला परत करते. म्हणून काढणी हवीच. लावली आणि विसरलो, असं चालत नाही.

घरगुती सांडपाण्यासाठी खडीचा वाफा, म्हणजे खडी भरून त्यात या वनस्पती लावलेला वाफा, करणार असाल, तर आधी गाळ बसवायची टाकी हवी. नाहीतर खडी बुजते. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालूनच वाहू द्या, म्हणजे डास होत नाहीत. जागा मात्र लागते. थंड हवेच्या ठिकाणी माणशी सुमारे 5 चौरस मीटर, उबदार ठिकाणी त्याहून कमी. कारखान्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी. त्यातले शिसं, कॅडमियमसारखे जड धातू जिवाणूंना फोडता येत नाहीत. ते चिखलात आणि मुळांत साठतात. तिथली कापलेली पानं गुरांना घालू नका.